समुदाय विकास आणि सामाजिक चळवळीत करिअर : नागपूर-विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की मुलं-मुली विचारायला येतात. काहींसोबत आईवडीलही असतात, आणि त्यांचे प्रश्न जास्त कठीण असतात. नागपुरातल्या वस्त्यांमध्ये आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या गावांमध्ये बरीच वर्षं काम करताना जे समजलं, त्यातून ही उत्तरं लिहिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

नेमकं काम काय असतं? समाजसेवा म्हणतात तेच का?

थंडीत ब्लँकेट वाटणं, शाळेत वह्या देणं ही चांगली कामं आहेत. ती नोकरी-धंदा सांभाळूनही करता येतात. समुदाय विकासाचं काम त्याच्या पुढे सुरू होतं. ज्या कारणाने त्या घरात ब्लँकेट नाही त्या कारणाला हात घालायचा असतो, आणि तोही कार्यकर्त्याने एकट्याने नाही, वस्तीने मिळून.

झोपडपट्टीतल्या मालकी पट्ट्यांचं, म्हणजे घराखालच्या जागेच्या हक्काच्या कागदाचं काम बघा. आधी जागा कुणाची ते शोधावं लागतं. नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची), मनपाची, नझूलची म्हणजे शहरातली सरकारी, रेल्वेची की खासगी? एकाच वस्तीत वरची गल्ली एकाच्या जागेवर आणि नाल्याकडची दुसऱ्याच्या, असंही निघतं. त्यात पूर्व विदर्भात झुडपी जंगलाची भानगड आहे. महसुली कागदावर तशी नोंद असलेल्या जमिनींवर वर्षानुवर्षं घरं, शाळा, सरकारी इमारतीसुद्धा उभ्या आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच मानली आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांसाठी वेगळी वाट ठेवली. म्हणजे सातबाऱ्यावर काय लिहिलंय हे न बघता वस्तीला "पट्टे मिळवून देऊ" असं सांगणं ही फसवणूक ठरते.

मग घरोघर सर्वे. दारात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : "काऊन जी, घर पाडतेत का आमचं?" त्याचं उत्तर नीट द्यायला वेळ काढला नाही तर पुढचं काही होत नाही. विश्वास बसला की पत्र्याच्या पेटीतून कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा बाहेर येतो. जुनं वीजबिल वारलेल्या सासऱ्याच्या नावावर, रेशनकार्डावर "शांता", आधारवर "शांताबाई", मतदार यादीत आडनावाची वेलांटी चुकलेली. घर बांधलं त्या बाईने, विटा वाहिल्या तिने, आणि तिचं नाव एकाही कागदावर नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावा हा आग्रह इथूनच धरायचा असतो. तो शेवटी आठवला तर उशीर झालेला असतो.

त्यानंतर बैठका, अर्ज, मोजणीच्या दिवशी हजर राहणं, कार्यालयात पाठपुरावा, गरज पडली तर धरणं. यात फोटो काढण्यासारखं फार काही नसतं. पण पट्टा हातात आला की बँक, शाळा, पोलीस ठाणं सगळीकडे त्या कुटुंबाशी बोलण्याची रीत बदलते. हे मी पाहिलं आहे, म्हणून या कामाबद्दल इतकं ठामपणे बोलते.

विकासाचं काम करायचं की चळवळीत जायचं? बाजू निवडावीच लागते का?

सुरुवातीला तरी नाही. सरकारने समुदाय विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू केला. आज पंचायत समितीत बसणारे गटविकास अधिकारी हे त्याच विचाराचं पद. तिथे योजना वरून येते आणि लोकांपर्यंत पोहोचवायची असते. चळवळ खालून सुरू होते. तिथे लोक विचारतात की योजना कुणी ठरवली, आमची जमीन गेली त्याचं काय. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. त्या प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनासाठी पुढची कित्येक वर्षं भांडावं लागलं. तिथे केवळ बचत गट काढून भागलं नसतं.

दोन्ही एकत्र कसं चालतं हे बघायचं असेल तर गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला जा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घ्यायची पद्धत बसवली, मोहन हिराबाई हिरालाल यांची त्यांना साथ होती. गावात अभ्यासगट चालायचे. कायदा वाचायचा, त्यावर चर्चा करायची, मग ठरवायचं. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो ग्रामसभेच्या हातात यायला २०११ उजाडलं. हक्काचा कागद मिळाल्यावरही वाट बघावी लागली, भांडावं लागलं. पुढे बांबूच्या पैशातून गावाने स्वतःच रोजगार उभा केला. आता याला विकास म्हणायचं की चळवळ? तिथल्या लोकांना हा प्रश्नच पडत नाही.

माझं मत सांगायचं तर, फक्त योजना राबवणारा कार्यकर्ता काही वर्षांत कारकून होतो आणि फक्त घोषणा देणारा लोकांपासून तुटतो. दोन्ही हात वापरायची सवय सुरुवातीपासून ठेवा.

शिक्षण कुठे घ्यावं?

बारावीनंतर बीएसडब्ल्यू ही समाजकार्याची पदवी, कुठल्याही पदवीनंतर एमएसडब्ल्यू ही पदव्युत्तर पदवी. नागपुरात मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था १९५८ पासून आहे. मातृ सेवा संघ मुळात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केला, तो बाळंतपणात बायका मरू नयेत म्हणून. तिरपुडे समाजकार्य महाविद्यालयही शहरातच आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या मुलांना गोंडवाना विद्यापीठाची महाविद्यालयं जवळ पडतात. बाहेर जायची तयारी असेल तर मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आणि ग्रामीण कामासाठी तिचंच तुळजापूर केंद्र. घरून हलता येत नसेल तर इग्नूचं एमएसडब्ल्यू नागपूर केंद्रातून करता येतं.

कॉलेजचं नाव मोठं की लहान, यापेक्षा तिथलं क्षेत्रकार्य कसं चालतं ते विचारा. आठवड्याचे दोन दिवस फील्डवर्क, त्याचा अहवाल, मग शिक्षकांसोबत आयसी आणि जीसी (एकेकट्याशी आणि गटाशी चर्चा), हा समाजकार्य शिक्षणाचा कणा आहे. जिथे मुलं वस्तीत न जाता अहवाल लिहितात आणि शिक्षक सह्या करतात, तिथली पदवी तुम्हाला मुलाखतीपर्यंत नेईल, पुढे नाही. प्रवेशाआधी त्या कॉलेजातल्या, तुमच्या दोन वर्षं पुढे असलेल्या मुलांना गाठा आणि सरळ विचारा : तुमचे सर किंवा मॅडम वस्तीत कधी येतात?

एमएसडब्ल्यू नाही केलं तर दार बंद होतं का?

सरकारी पदांसाठी बऱ्याच ठिकाणी होतं. समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद समाजकार्याच्या पदवीशिवाय मिळत नाही, आणि मनोविकारांच्या क्षेत्रात त्याहून पुढचं प्रशिक्षण लागतं.

संस्था आणि चळवळींमध्ये तसं नाही. वकील, कृषी पदवीधर, नर्स, भूगोलवाले, पत्रकारिता केलेले, सगळे लागतात. गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्यावर काम करणारी संस्था उभी करणारे अभय आणि राणी बंग डॉक्टर आहेत. गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत त्यांनी बसवली. त्याने बालमृत्यू निम्म्याहून खाली आले हे आकड्यांनिशी दाखवलं, आणि तीच पद्धत पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. त्याच 'सर्च'ने २००६ पासून 'निर्माण' ही तरुणांची शिबिरं सुरू केली. तिथे इंजिनिअर, डॉक्टर, कला शाखेचे, सगळे येतात. कुठल्या बाजूला जायचं हे ज्याला ठरत नाही, त्याला मी आधी अशा शिबिराला जा म्हणते.

नोकऱ्या कुठे असतात?

लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त ठिकाणी.

सरकारकडे एमपीएससीतून समाजकल्याण आणि महिला-बालविकास विभागाची पदं निघतात. नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. बाल संरक्षण कक्ष, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, समुपदेशक, बार्टी या सरकारी संस्थेचे समतादूत, मनपाचे समुदाय संघटक, 'उमेद' (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि 'माविम'चे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) तालुका-प्रभाग पातळीवरचे समन्वयक. यातल्या पुष्कळ जागा कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांचा आदेश, मग खंड, मग पुन्हा आदेश. नोकरी धरताना हे डोळ्यांसमोर ठेवा, आणि सहकाऱ्यांसोबत संघटित व्हायला मागेपुढे पाहू नका. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी बोलणारे आपल्या हक्कांबद्दल गप्प बसतात हे मला पटत नाही.

दुसरी जागा सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाची. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. नागपूर परिसरात खाणी, वीज प्रकल्प, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने असल्याने हा पैसा इथे आहे. पगार बरे असतात. अडचण अशी की एखाद्या गावाचं पाणी ज्या कारखान्याने खराब केलं, त्याच्याच पैशातून तिथे हात धुण्याचं प्रशिक्षण द्यायची वेळ येऊ शकते. तेव्हा काय करायचं हे आधी मनाशी ठरवून ठेवा.

तिसरी जागा स्वयंसेवी संस्था. काही शेती-पाण्यावर, काही वनहक्कांवर, काही आरोग्यावर काम करतात. कुरखेड्याची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' १९८४ पासून आहे. नागपुरातल्या 'स्लम सॉकर'ने तर वस्तीतल्या पोरांना फुटबॉलच्या निमित्ताने एकत्र आणलं. खेळ हेही संघटनाचं साधन होऊ शकतं, हे विजय बारसे सरांनी दाखवून दिलं.

पगार किती मिळतो? घरचे म्हणतात, समाजसेवा पोट भरल्यावर करायची.

लहान संस्थांत सुरुवात पंधरा-वीस हजारांच्या आसपास होताना दिसते. मोठ्या संस्था, सीएसआर आणि नियमित सरकारी पदांत त्याहून बराच वर. प्रकल्प संपला की नोकरी संपते ही खरी टांगती तलवार आहे.

घरच्यांचा राग समजून घ्या. तुमचे वडील कळमन्यात हमाली करत असतील किंवा आई धुणीभांडी करत असेल, तर तुमच्या पहिल्या पगारावर घराचं बरंच काही अडलेलं असतं. अशा घरातल्या मुलाने "मी त्याग करतोय" म्हणून बिनपगारी राबावं हे मला मान्य नाही. ज्यांच्या घरी मागे शेती किंवा पेन्शन आहे त्यांनाच परवडेल असं हे क्षेत्र झालं, तर वस्तीतली मुलं त्यातून बाहेर फेकली जातील आणि वस्तीबद्दलचे निर्णय पुन्हा बाहेरचेच घेतील. म्हणून मुलाखतीत पगार, पीएफ, प्रवासखर्च, विमा विचारायला लाजू नका. "आमच्याकडे सेवाभाव लागतो" असं उत्तर आलं तर ताळेबंद मागा. सार्वजनिक न्यासाचे हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातात.

आईवडिलांना व्याख्यान देऊ नका. एखाद्या दिवशी कामाच्या ठिकाणी घेऊन जा. मुलीला वस्तीतल्या बायका "मॅडम, बसा न जी" म्हणतात हे आईने स्वतः पाहिलं की निम्मा वाद मिटतो.

वस्तीत पहिल्यांदा जाताना काय करायचं?

हातात फाइल घेऊन जाऊ नका. फाइल दिसली की लोकांना सर्वेवाला नाहीतर वसुलीवाला आठवतो. पहिले काही आठवडे फक्त ये-जा ठेवा. नळाला पाणी कधी येतं, रोजी कुठे मिळते, दारू कुठे विकली जाते, अंगणवाडी सेविका कोणत्या घरची, सावकार कोण. हे सगळं विचारून कळत नाही, बसून कळतं.

बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरवा. दुपारी दोनची बैठक म्हणजे घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या. रात्री आठची म्हणजे स्वयंपाकाची वेळ. बहुतेक वस्त्यांत साडेआठ-नऊ नंतरच निवांतपणा येतो, म्हणजे तुम्हाला परत जायला उशीर होणार. हे धरूनच चला.

आणि जागा. नवीन कार्यकर्त्यांचं याकडे हमखास दुर्लक्ष होतं. बैठक बुद्धविहारात घेतली तर कोण येईल आणि कोण उंबऱ्याबाहेर थांबेल? हनुमान मंदिराच्या ओट्यावर घेतली तर? मशिदीजवळच्या घरात घेतली तर? नगरसेवकाच्या ऑफिसात घेतली तर विरोधी गट येणारच नाही. उत्तर नागपुरातल्या बऱ्याच वस्त्यांत विहार हेच सगळ्यात मोकळं सार्वजनिक ठिकाण असतं. तिथे अभ्यासिका चालते, लग्न-साक्षगंधही होतात, आणि बाजूच्या गल्लीतले इतर समाजाचे लोक सहज येतात. पण दुसऱ्या वस्तीत हेच गृहीत धरलं तर फसाल. शंका असेल तेव्हा अंगणवाडीचं अंगण किंवा हापशीजवळची मोकळी जागा. आणि पुरुषांना मागे बसवा. ते पुढे बसले की बायका बोलत नाहीत.

मी त्या समाजाचा नाही. मला काम करायचा अधिकार आहे का?

काम करायचा आहे, त्यांच्या वतीने बोलायचा नाही.

नागपूरचा इतिहास या बाबतीत शिकवणारा आहे. जाईबाई चौधरी नागपूर-कामठी भागात डोक्यावर ओझी वाहायच्या. त्या शिकल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. जुलै १९४२ मध्ये इथेच अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो बायका आल्या होत्या. त्यांनी बहुपत्नीत्वाविरुद्ध, घटस्फोटाच्या हक्काबद्दल, गिरणीतल्या बायकांच्या रजेबद्दल ठराव केले. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेतला. अशा शहरात एखादा पदवीधर वस्तीत जाऊन "मी तुम्हाला जागृत करायला आलोय" म्हणाला तर लोकांनी त्याला का ऐकावं?

तुम्ही कायद्याची, कागदाची, ओळखींची माहिती घेऊन जा. निर्णय, व्यासपीठ आणि पत्रकारांसमोरचा माइक त्यांच्याकडे असू द्या. स्वतःची जात विचारली गेली तर सांगून टाका, टाळाटाळ करू नका. लोक आडनावावरून ओळखतातच. लपवलं की मात्र संशय घेतात.

कुठले कायदे यायलाच पाहिजेत?

वकील व्हायची गरज नाही, पण अर्ज स्वतः लिहिता आला पाहिजे.

माहितीचा अधिकार, २००५ चा. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. त्याचं खंडपीठ नागपुरात आहे. "का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. "अमुक तारखेच्या अर्जावरील टिपणीची प्रत द्या" असं मागा.

वनहक्क आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) हे गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटकडे जाणाऱ्यांसाठी. वनहक्कांच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. ही गणपूर्ती नीट न लिहिल्याने चांगले दावे परत आले आहेत. इतिवृत्त लिहायला शिका. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. स्वच्छ इतिवृत्त लिहिणारा माणूस ग्रामसभेला भाषण करणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आणि जातीचा दाखला. भटक्यांच्या कुठल्याही बेड्यावर (तांड्यावर) किंवा वस्तीत सगळ्यात जास्त हेच विचारलं जातं. पुरावा कुठल्या तारखेआधीचा लागतो हे पाठच करा : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. विदर्भात जुना पुरावा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये किंवा कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या नकलेत सापडतो. पण ज्यांचे आजोबा कधी शाळेतच गेले नाहीत आणि एका गावात दोन महिनेही राहिले नाहीत, त्यांनी १९६१ चा कागद कुठून आणायचा? तिथे गृहचौकशीची मागणी लावून धरावी लागते, तहसील कार्यालयात पुन्हा पुन्हा जावं लागतं. एका मुलीचा दाखला निघाला की तिच्या धाकट्या भावंडांचा, चुलत भावंडांचा रस्ता मोकळा होतो. या कामात मला सगळ्यात जास्त समाधान यातच मिळतं.

मोर्चा-धरण्यात गेलो तर गुन्हा दाखल होतो का? पुढे सरकारी नोकरीला अडचण येते का?

येऊ शकते, म्हणून समजून उमजून जा. परवानगी नसताना किंवा जमावबंदी असताना जमलात तर गुन्हा लागू शकतो. आदेश मोडल्याचं जुनं कलम १८८ आता भारतीय न्याय संहितेत २२३ आहे. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत प्रलंबित गुन्हा विचारला जातो. तो लपवला तर निवड जाते, प्रामाणिकपणे लिहिला तर निदान बाजू मांडता येते. ज्यांची एमपीएससीची तयारी चालू आहे त्यांना आम्ही पुढच्या रांगेत उभं करत नाही. पत्रकं लिहिणं, आकडे गोळा करणं, वकिलाशी समन्वय ठेवणं ही कामंही मोर्च्याचीच आहेत.

नागपुरात हिवाळी अधिवेशन म्हटलं की डिसेंबरात राज्यभरचे मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमवरून निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट किंवा टेकडी रोडवर अडवले जातात. एरवी संविधान चौकात धरणे आंदोलनं चालतात. शिकायला यासारखी जागा नाही. दोन-चार दिवस नुसतं फिरा. कोणत्या संघटनेने पाण्याची सोय केली, कुणाचे स्वयंसेवक साखळी धरून उभे आहेत, निवेदन द्यायला आत जाणाऱ्या शिष्टमंडळात बायका आहेत का, बघा.

हे मी आग्रहाने सांगते, त्याला कारण आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी घेऊन आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्च्यात लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरं मोठ्या संख्येने होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. पुढे २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मोर्चा काढणाऱ्याने त्या स्मारकापाशी एकदा जाऊन यावं. माणसं आणताना पाणी, लहान मुलं, परतीची वाट आणि बाहेर पडायला मोकळी जागा याची जबाबदारी आयोजकांची असते. पोलिसांची चूक असली तरी आपली जबाबदारी संपत नाही.

मुलींना हे काम सुरक्षित आहे का?

या क्षेत्रात मुलीच जास्त आहेत, आणि वस्तीतली बहुतेक कामं त्यांच्याशिवाय होत नाहीत. तरी काळजी घ्यावी लागते. गावात मुक्काम असेल तर आशाताई किंवा अंगणवाडीताईंच्या घरी. शेवटची एसटी किती वाजता हे आधी माहीत हवं. रात्रीच्या बैठकीला जोडीनेच जायचं.

धोका वस्तीतूनच नाही, संस्थेतूनही येऊ शकतो, याबद्दल कमी बोललं जातं. दहा किंवा अधिक लोक काम करतात तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान संस्थेतल्या मुलीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. नोकरी धरताना समितीतल्या लोकांची नावं विचारा. "आपलं कुटुंबच आहे, समिती कशाला" असं म्हणणाऱ्या संस्थेपासून लांब राहा, तिचं बाहेर कितीही नाव असो.

स्वतःची संस्था काढू का?

पाच-सात वर्षं दुसऱ्याकडे काम केल्याशिवाय नको. नोंदणी सोपी आहे. सात माणसं गोळा केली की १८६० च्या कायद्याखाली संस्था होते, सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची नोंदणी. कठीण पुढचं असतं. दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलला की फेरफार अर्ज, आयकर सवलतीच्या नोंदण्या (१२अ आणि ८०जी म्हणतात त्या), कंपनीच्या पैशासाठी वेगळी नोंदणी. परदेशी देणगीचे नियम तर २०२० च्या दुरुस्तीनंतर फारच कडक झाले. प्रशासकीय खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा आली आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला तो पैसा पुढे देणं बंद झालं. गावपातळीवरच्या कित्येक लहान गटांचा आधार त्याने गेला.

वस्तीत काम उभं करायला संस्थाच लागते असंही नाही. वस्तीचं मंडळ, महिलांचा गट, ग्रामसभा हे आधीपासून असतं. त्यालाच बळ द्या.

गोंडी, माडिया, कोरकू येत नाही. चालेल का?

चालेल, पण शिकायची तयारी दाखवा. नागपुरातसुद्धा नुसत्या मराठीवर भागत नाही. मोमिनपुऱ्यात उर्दू वळणाची हिंदी, कळमना-पारडीकडच्या मजूर वस्त्यांत छत्तीसगढी. चार वाक्यं चुकतमाकत बोललात तरी आजीबाई हसतात आणि मग बोलू लागतात.

वयाची चाळिशी उलटली. आता येता येईल का?

येता येईल, आणि तुमची गरजही आहे. निवृत्तीला आलेला तलाठी वनहक्काच्या दाव्याला किती उपयोगी पडतो हे त्याला स्वतःला माहीत नसतं. बँकेत नोकरी केलेली बाई बचत गटांचे हिशोब एका बैठकीत सरळ करते. परिचारिका, मोजणी खात्यातले लोक, वकिलांकडचे जुने कारकून, सगळे लागतात. हिशोबनीस तर लहान संस्थांना शोधूनही मिळत नाहीत. सुरुवातीला आठवड्यातून एक ठरलेला दिवस द्या आणि तो चुकवू नका. जवळच्या वस्तीत अर्ज लिहून देण्याचं टेबल लावलं तरी पुरे. कोरे कागद, स्टेपलर, कोर्ट फी स्टॅम्प आणि शिक्क्याचं पॅड सोबत ठेवा. अंगठा उठवणारे अजूनही येतात.